जननदर २.१ च्या खाली गेला, तरी लोकसंख्या वाढतेच कशी?

प्रश्न

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) भारताचा एकूण जननदर २.० निघाला. म्हणजे आईवडील दोन आणि मुलंही दोनच. माझ्या हिशेबाने इथे वाढ थांबायला हवी. पण २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताने चीनला मागे टाकलं, आणि ही वाढ २०६० च्या दशकापर्यंत चालू राहील असंही तेच सांगतात. भाऊ म्हणतो सर्वेक्षण खोटं आहे, लोक अजून भरमसाट मुलं जन्माला घालतात. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात का?

प्रतिसाद १

आयुर्मान वाढलंय हो. पूर्वी माणसं लवकर जायची, आता सत्तरीपर्यंत जगतात. डोकी वाढणारच.

प्रतिसाद २

दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. आयुर्मानाचा हातभार आहे, पण मुख्य कारण वेगळं आहे. मी संख्याशास्त्र शिकवते. वर्गात हा प्रश्न निघाला की फळ्यावर एक गणित मांडते, तेच इथे देते.

समजा एका समाजात तीनच पिढ्या आहेत. म्हातारे १००, त्यांची मुलं २००, नातवंडं ४००. प्रत्येक जोडप्याला चार मुलं होत आली, म्हणून दर पिढी दुप्पट. एकूण माणसं ७००. आता ठरलं की यापुढे प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं. ती ४०० नातवंडं मोठी झाली, त्यांची २०० जोडपी झाली, त्यांना ४०० मुलं झाली. तोवर आधीचे १०० म्हातारे गेले आणि मधले २०० म्हातारे झाले. बेरीज करा: २०० + ४०० + ४०० = १०००. अजून एक पिढी पुढे गेलात की ४०० + ४०० + ४०० = १२००. कुणाला तिसरं मूल झालेलं नाही, कुणी एक दिवस जास्त जगलेलं नाही, तरी ७०० चे १२०० झाले. वाढ थांबते ती इथे.

जननदर सांगतो एका बाईला सरासरी किती मुलं होतात. मुलं होण्याच्या वयात किती बायका आहेत, ते त्यात कुठेच नाही. तो आकडा वीस-तीस वर्षांपूर्वीच्या पाळण्यांनी ठरवून टाकलेला असतो. लोकसंख्याशास्त्रज्ञ नेथन कीफिट्झ यांनी १९७१ मध्ये याचं गणित मांडलं. अभ्यासक याला पॉप्युलेशन मोमेंटम, म्हणजे लोकसंख्येचा साठलेला जोर, म्हणतात.

प्रत्यक्षात किती वेळ लागतो ते पाहा. जपानचा जननदर १९७० च्या दशकाच्या मध्यात २.१ च्या, म्हणजे पुढची पिढी आधीच्या पिढीएवढी भरते त्या उंबरठ्याच्या, खाली गेला, पण लोकसंख्या शिखरावर पोचली २००८ च्या सुमारास. चीनचा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खाली गेला, घट सुरू झाली २०२२ मध्ये. दोन्हीकडे तीसेक वर्षं मधे गेली.

(२.१ च का, २ का नाही? दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, आणि काही मुली आई होण्याच्या वयाआधीच दगावतात. जिथे बालमृत्यू जास्त, तिथे हा उंबरठा २.१ च्याही वर असतो.)

तुमच्या भावाला एवढं नक्की सांगा. आज दोन मुलांवर थांबलेल्या जोडप्याला ‘लोकसंख्या वाढवता’ म्हणून बोल लावणं मला अतिशय अन्यायाचं वाटतं. त्यांनी करायचं ते केलेलं आहे. त्यांच्या आजी-आजोबांनाही मी दोष देणार नाही. मुलं जगतील याची खात्री नसताना लोक जास्त मुलं होऊ देत, आणि मग लसी, स्वच्छ पाणी, औषधं आली. जवळपास सगळीकडे मृत्यू आधी घटले, जन्म नंतर. मधल्या काळात जी मुलं वाचली, त्यांच्यामुळेच आकडा फुगला. मुलं वाचली याचं वाईट कसं वाटून घ्यायचं?

प्रश्नकर्ता

गणित कागदावर करून पाहिलं, पटलं. मग हा जोर लवकर मोडायचा तर एकाच मुलाची सक्ती उपयोगाची नाही का?

प्रतिसाद २

चीनने ते १९८० च्या सुमारास सुरू केलं आणि २०१५ पर्यंत चालवलं. पण तिथला जननदर त्याआधीच, १९७० च्या दशकात, निम्म्याहून खाली आला होता. सक्तीच्या काळात मुलगाच हवा या हट्टापायी गर्भातल्या मुली गेल्या, आणि १०० मुलींमागे १२० च्या आसपास मुलगे जन्मू लागले. इराणमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका बाईमागे सहाहून जास्त मुलं होती. एका मुलाची सक्ती न करता पुढच्या वीस वर्षांत ती दोनच्या आसपास आली. मुलींचं शिक्षण आणि गावोगावची आरोग्यकेंद्रं यांनी ते घडवलं. शिवाय मुली शिकल्या की पहिलं मूल उशिरा होतं, पिढ्यांमधलं अंतर लांबतं, आणि जोर आपोआप सौम्य होतो. माझा कौल कायम याच बाजूला.

प्रतिसाद ३

हेच शहरांनाही लागू पडतं, म्हणून भर घालतो. १९५० मध्ये जगातले साधारण ३० टक्के लोक शहरात होते, २००७ च्या सुमारास निम्मे झाले. सगळे याचं श्रेय गावातून येणाऱ्या लोंढ्यांना देतात. पण येणारे बहुतेक तरुण असतात. त्यांना शहरात एक-दोनच मुलं झाली तरी त्या वयाची माणसंच इतकी असतात की जन्म मृत्यूंपेक्षा कितीतरी जास्त भरतात. गावाकडे उलट होतं. तरुण गेले की जननदर जास्त असूनही पाळणे कमी हलतात.

शहरं वाढण्यात एक भाग स्थलांतराचा, दुसरा तिथल्या जन्मांचा आणि तिसरा नोंदीचा. एखादं गाव वाढलं की जनगणनेत ते शहर ठरतं, आणि तिथली सगळी माणसं जागची न हलता शहरी होतात. भारतात त्यासाठी किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि ७५ टक्के कामकरी पुरुष शेतीबाहेर, अशी अट आहे. डेन्मार्कमध्ये २०० लोकांची वस्तीही शहरी धरतात, जपानमध्ये शहराच्या दर्जाला ५०,००० लागतात. तेव्हा दोन देशांची शहरी टक्केवारी शेजारी ठेवण्याआधी त्यांची व्याख्या बघून घ्या.