वजन ११४ वर अडकलंय. सहा माणसांच्या एकाच स्वयंपाकात काय बदलू?

बोरीकाठ, अमळनेर

मिस्टरांचं वय ४०, उंची १७३ सेंमी. वजन १२२ होतं, अडीच महिन्यांत ११४ झालं, आणि गेले तीन आठवडे काटा तिथून हलायला तयार नाही. त्यांना ८० पर्यंत यायचंय. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. कृषी केंद्राचं दुकान आहे, सकाळी नऊ ते रात्री आठ बैठक आणि दिवसभरात सात-आठ चहा. संध्याकाळी अर्धा तास चालतात, पण गुडघे बोलतात.

घरात आम्ही सहा जण. सासूबाईंना तर्रीशिवाय भाजी चालत नाही आणि महिन्याला नऊ लिटर शेंगदाणा तेल लागतं. दोन वेगळे स्वयंपाक करणं शक्य नाही. पहिल्या दोन महिन्यांत त्यांना जो हुरूप होता तो आता ओसरलाय, "उतरायचं तेवढं उतरलं" म्हणतात. एक जण म्हणाले, रात्रीचं जेवण बंद करून टाका. कुठे हात घालावा?

तेलमीठ

ताई, आधी तेलाचा हिशोब करू. नऊ लिटर भागिले सहा माणसं भागिले तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ५० मिली. वजनात ४६ ग्रॅम, साधारण ४१५ कॅलरी, दोन भाकरींइतक्या. माणशी २० ते २५ ग्रॅम पुरतं. मिस्टरांसाठी दिवसाला चार सपाट चहाचे चमचे धरा (२० मिली, अंदाजे १६५ कॅलरी). एवढ्या एका बदलातून रोजच्या अडीचशे कॅलरी सुटतात, आणि घरात कोणाच्या ताटातलं काही काढावं लागत नाही.

वेगळा स्वयंपाक नकोच. काळ्या मसाल्याच्या रश्शाला कांदा आणि खोबरं तेलात परतण्याऐवजी कोरडं भाजा. कांदा सालासकट गॅसवर किंवा चुलीत, खोबरं तव्यावर. खोबऱ्याचं प्रमाण निम्मं करून तेवढ्याच फुटाण्याच्या डाळ्या वाटा, रस्सा दाट होतो. मसाला कढईला धरायला लागला की तेलाची धार सोडायची सवय असते, तिथे दोन चमचे गरम पाणी घाला. मसाला जळायच्या आत पाणी पडलं पाहिजे, नाहीतर रश्शाला कडवट चव येते आणि घरचे दुसऱ्या दिवशी जुन्या पद्धतीवर जातात. शिजल्यावर गॅस बंद करून दहा मिनिटं हलवू नका. तर्री वर येते. सासूबाईंना वरचा रस्सा वाढा, मिस्टरांना पळी तळाशी घालून खालचा. भांडं एकच, ताटं दोन तऱ्हेची.

शेवभाजी असेल तेव्हा शेव भांड्यात टाकू नका, ताटात मोजून घाला. २५ ग्रॅम शेव म्हणजे १४० कॅलरी. भांड्यात टाकली की ती फुगते, किती खाल्ली ते कळत नाही.

भाकरी कळण्याचीच ठेवा: चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद. नुसत्या ज्वारीपेक्षा प्रोटीन जास्त मिळतं आणि पोट लवकर भरल्यासारखं होतं. मात्र आकार बघा. आपल्याकडची एक भाकरी सहज ९०-१०० ग्रॅम पिठाची होते. ६० ग्रॅम पिठाची केली तर एक साधारण २०५ कॅलरीची. दुपारी दोन, रात्री एक.

आणि फुनके करा. तुरीची डाळ चार-पाच तास भिजवून, मिरची-लसूण-जिऱ्यासोबत जाडसर वाटून, कांदा-कोथिंबीर घालून, मुठीने वळून पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे. तेलाचा थेंब लागत नाही. माणशी ६० ग्रॅम कोरडी डाळ म्हणजे १३ ग्रॅम प्रोटीन. सोबत कढी पातळ ताकाची. वाटण गुळगुळीत झालं तर फुनके दडदडीत होतात, डाळ भरड हवी.

शुगरमीटर (डायबेटिस समुपदेशक)

रात्रीचं जेवण बंद करू नका, निदान ग्लिमेपिराइड चालू असताना तर अजिबात नाही. ही गोळी पोटात अन्न असो नसो, इन्सुलिन सोडायला लावते. जेवण टाळलं तर रात्री शुगर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, उगीच चिडचिड ही तिची लक्षणं. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग जेवण. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना.

आठ किलो उतरल्यावर गोळ्यांचा डोस पूर्वीचाच आहे का? हे डॉक्टरांना आताच विचारा. वजन उतरतं तशी शुगर आणि बीपी दोन्ही उतरतात, आणि जुना डोस जास्त होतो. वारंवार शुगर पडली की माणूस वारंवार खातो. काटा अडकण्याचं हे कारण फार कमी घरांत लक्षात येतं. आठवडाभर सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणाआधी शुगर लिहा, उठून उभं राहताना चक्कर येते का ते लिहा, आणि तो कागद घेऊन जा. मनाने गोळी बंद करू नका. एप्रिल-मेच्या ४४-४५ डिग्रीत घामामुळे बीपी आणखी उतरतं, तेव्हा जास्त जपा. चतुर्थी, श्रावण सोमवार, नवरात्र यांचे उपास डॉक्टरांशी बोलूनच.

एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनी), टीएसएच (थायरॉइड) आणि एसजीपीटी (लिव्हर) या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. क्रिएटिनिन ठीक असेल तरच प्रोटीन वाढवायचं. जोरात घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, दुकानात बसल्या बसल्या डुलकी लागते का? तसं असेल तर झोपेची तपासणी करायला सांगा. झोप मोडत राहिली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि हात गोडाकडे जातो.

आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग चांगला. दीड किलोच्या वर सतत गेला तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. उजव्या बरगडीखाली दुखून उलटी झाली तर ॲसिडिटी समजून अंगावर काढू नका.

वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांबद्दल कोणीतरी सांगेलच. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड २०२५ पासून आपल्याकडे मिळतं, गुणही येतो. पण ग्लिमेपिराइडसोबत घ्यायचं तर गोळीचा डोस कमी करावा लागू शकतो, आणि औषध थांबवल्यावर उतरलेल्या वजनातलं बरंचसं परत येतं. हा डॉक्टरांसमोर बसून घ्यायचा निर्णय आहे, मेडिकलच्या काउंटरवर नाही.

सकाळपाळी

अडकलेल्या काट्याबद्दल. ११४ किलोच्या, दिवसभर बसून असणाऱ्या माणसाला अंदाजे २,५०० कॅलरी लागतात. त्यातून ६०० वजा केल्या तर १,९००. आठ किलो उतरल्याने रोजची गरज शंभर-दीडशे कॅलरींनी घटली असेल, जास्त नाही. म्हणजे "शरीराला सवय झाली" हे तीन आठवडे अडकण्याचं मुख्य कारण क्वचितच असतं. बहुतेकदा मोजमाप सैल झालेलं असतं. भाकरी जाड होते, चहा वाढतो, चाखणं आणि उरलेलं संपवणं सुरू होतं. चार दिवस सगळं किचनच्या काट्यावर मोजून लिहा. एवढ्यात गळती सापडते.

तुमच्याकडची मोठी गळती मला चहा दिसते. अर्धं दूध आणि चमचाभर साखरेचा छोटा कप ५० कॅलरींचा धरला तरी आठ कपांचे ४००, शिवाय साखर त्यांना तशीही नको. दुकानात गिऱ्हाईकाबरोबर चहा टाळता येत नाही हे खरं. दोन चहा ठरलेल्या वेळेचे ठेवा, बिनसाखरेचे, आणि बाकीच्या वेळी त्यांच्यासमोर ताकाचा ग्लास भरलेला असू द्या. ग्लास रिकामा दिसला की पोऱ्या चहा आणून ठेवतो.

दिवस साधारण असा बसतो. सकाळी कोरडी ५० ग्रॅम मटकी मोड आणून, किंवा दोन अंडी. दुपारी दोन भाकरी, भाजी, फुनके किंवा वरण, २०० ग्रॅम दह्याचं ताक. साडेपाचला ३० ग्रॅम फुटाणे. रात्री एक भाकरी, घट्ट वरण, भाजीत ३० ग्रॅम सोयाबीन वडी. प्रोटीन ९० ग्रॅमच्या आसपास जातं. साडेपाचचे फुटाणे चुकवू नका. ते चुकले की रात्री आठला दुकान बंद करताना शेजारच्या गाडीवरची भजी पोटात जातात.

वजन रोज करा: सकाळी, शौचानंतर, चहाआधी. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही. रोजचा आकडा फक्त लिहायचा, बघायची ती सात दिवसांची सरासरी. लग्नातल्या एका जेवणाच्या मिठाने दीड-दोन किलो पाणी धरतं आणि तीन दिवसांत उतरतं. ती चरबी नाही. एक किलो चरबी साठायला ७,७०० जादा कॅलरी लागतात.

लळिंगघाट

रोजच्या वजनाशी मी सहमत नाही. ज्याचा हुरूप आधीच ओसरलाय त्याला सकाळी सातला वाढलेला आकडा दिसला की तो दिवस गेलाच. अशा माणसाने सोमवारी एकदा वजन करावं आणि महिन्यातून दोनदा बेंबीच्या रेषेत कंबर मोजावी. काटा थांबलेला असताना कंबर उतरताना बरेचदा दिसते.

चालणं संध्याकाळी सलग अर्ध्या तासाऐवजी तीन तुकड्यांत करा, प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं. गुडघा सूजत नाही आणि जेवणानंतरची शुगरही कमी चढते. आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. चपलेवर नको, टाच घट्ट धरणारा बूट हवा. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरचा भार दर पावलाला साधारण चार किलोंनी कमी होतो, म्हणजे आठ किलोंनी बत्तीस. हे त्यांना जरूर सांगा, त्यांना ते जाणवत असणार. जोडीला खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, असे तीन फेरे, एक दिवस आड. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही उतरतात.

एक गोष्ट पुरुष घरात सांगत नाहीत: मांड्या घासून सालटी निघतात आणि चालणं त्यामुळेच बंद पडतं. गुडघ्यापर्यंतची अंडरपॅन्ट आणि निघण्याआधी व्हॅसलिन. खाज सुटणारे गोल चट्टे असतील तर ते गजकर्ण. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणू नका, आठवडाभर बरं वाटतं आणि मग पसरतं.

आणि ताई, वही त्यांनीच लिहायची. तुम्ही मोजून वाढा, पण ताटाकडे बघून बोलू नका. बायको पहारेकरी झाली की माणूस दुकानात लपून खातो आणि वहीत खोटं लिहितो. बारा आठवड्यांनंतर ठरवून दोन आठवडे वजन स्थिर ठेवण्यापुरतं खाऊ द्या, म्हणजे रोज दोन भाकरी आणि एक वाटी वरण जास्त. त्यांचे बारा आठवडे साधारण झालेच आहेत. तारीख आधी वहीत लिहा, म्हणजे त्याला सोडून देणं म्हणता येत नाही.

बोरीकाठ, अमळनेर

मनापासून आभार. शुगर लिहायला आजपासून सुरुवात करते, सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. वजन रोज की सोमवारी, ते त्यांनाच ठरवू देते. एकच राहिलं: हिवाळ्यात भरीत पार्ट्या, पुढे आखाजी (अक्षय्य तृतीया), मग श्रावणातला कानबाईचा उत्सव. तेव्हा काय करायचं?

तेलमीठ

भरिताला घाबरू नका. चारशे ग्रॅम भाजलेलं वांगं म्हणजे शंभर-सव्वाशे कॅलरी. दोन चमचे तेल आणि मूठभर दाणे धरले तरी साडेतीनशेच्या आसपास. नडते ती पुरी: मध्यम एक शंभराची, आणि गप्पांत सहा कुठे जातात कळत नाही. कळण्याची भाकरी घरून बांधून न्या, भरीत पोटभर खाऊ द्या.

आखाजीला एक जेवण मोकळं, खापराची पुरणपोळी अर्धी आणि रस एक वाटी. जेवणानंतरची शुगर मात्र त्या दिवशी मोजा. रात्री ताक आणि वरण. उरलेलं पुरण दुसऱ्या दिवशी घरात नको, लेकी-सुनांच्या डब्यात घाला.

कानबाईचे रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच संपवायचे असतात, म्हणून तिथे वाटून टाकण्याची सोय नाही. मिस्टरांच्या वाट्याचा रोट जेवढा येईल तेवढ्या भाकरी त्या दिवशी कमी करा, आणि सोबत गोड खीर नको, आमटी खालच्या पळीची.

नऊ लिटरचं आधी सात करा, पुढच्या महिन्यात सहा. एकदम साडेचारवर (माणशी रोज २५ मिली) आणलं तर सासूबाईंना पहिल्याच भाजीत कळेल.