'ग्रो'चं मूळ: आधी उगवणं की आधी हिरवं होणं?

धातुपाठ: इंग्रजी 'ग्रो' म्हणजे मुळात 'हिरवं होणं', असं सर्रास सांगितलं जातं. मला ते उलटं वाटतं. जुन्या इंग्रजीत 'ग्रोवन', जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) 'ग्रोआ', जुन्या उच्च जर्मनमध्ये 'ग्रुओएन'. 'ग्रीन'चं आदिजर्मानिक (या सगळ्यांच्या पूर्वज भाषेतलं) रूप 'ग्रोनिझ', म्हणजे 'ग्रो' धातूला 'नि' प्रत्यय. रंगाचा शब्द क्रियापदावरून घडलाय.

हिरवळ: प्रत्यय मान्य. पण त्यावरून धातूचा अर्थ कसा ठरणार? जुन्या इंग्रजीत माणसं-गुरं वाढण्याला 'वेअक्सन' होतं. 'ग्रोवन' पाल्यापुरतंच का उरलं? त्यात हिरवेपणा होता म्हणून. शिवाय आपला 'हरित' आहेच.

शब्दमूळ: 'हरित' इथे आणू नका. त्यातला 'ह' 'हिरण्य'मधलाच. ते कूळ 'यलो' आणि 'गोल्ड'चं. 'ग्रास' (घास) आणि इंग्रजी 'ग्रास' (गवत) यांची जोडीही अशीच फसवी. संस्कृत 'ग'च्या जागी जर्मानिकमध्ये 'क' येतो: गो, काऊ. कान सारखं ऐकतो, पण नियम जुळत नाही. आणि नॉर्स 'ग्रोआ' जखम भरून येण्यालाही वापरत. जखम हिरवी होत नाही, नवं मांस धरते.

हिरवळ: 'हरित' मागे घेतो. जखमेचा अर्थ मात्र नंतरचा विस्तार असू शकतो. चौथ्या शतकातलं गॉथिक (आणखी एक जुनी जर्मानिक भाषा) बायबल बघा. मार्क ४:२७ मध्ये बी रुजून वाढतं तिथे 'कीनिथ याह लिउदिथ' (रुजतं आणि वाढतं) आहे. 'ग्रो' हा उगवण्याचा नेहमीचा शब्द असता तर इथेच आला असता.

धातुपाठ: गॉथिक मजकूर तुटक उरलाय, एका ओळीवरून एवढं ठरत नाही. 'लिउदन' तर संस्कृत 'रुह्'चा भाऊ. आपलं 'रोप' त्याच 'रुह्'चं. वाढीसाठी अनेक जुने धातू शेजारी-शेजारी नांदत होते, इतकंच त्यातून दिसतं.

खरा पुरावा भूतकाळात आहे. जुन्या इंग्रजीत 'ग्रेओव', नॉर्समध्ये 'ग्रेरी', म्हणजे 'सा' (पेरणे) – 'सेरी'च्या चालीवर. ही सबळ रूपं, म्हणजे प्रत्यय न लावता धातूतच बदल करून केलेली. विशेषणावरून केलेली क्रियापदं दुर्बळ असतात, प्रत्यय लावून भूतकाळ करतात. 'हिरवं होणं' यासाठी जुन्या इंग्रजीत तसं 'ग्रेनिअन' वेगळं होतंच.

हिरवळ: मग उच्च जर्मन 'ग्रुओएन' दुर्बळ का? आणि त्याचा अर्थ हिरवं होणं असाही आहे.

शब्दमूळ: तिथे अशा क्रियापदांचा सगळा गटच दुर्बळ झाला, 'सा'चा भाऊबंद 'साएन'सुद्धा. त्यामुळे 'ग्रुओएन'ची रूपं साक्षीला चालणार नाहीत. अर्थाचा मुद्दा तेवढा तुमचा उभा राहतो.