मदत हवी आहे: कॉलेज संपलं, आता फोटो कशाचे काढू?
फोटोग्राफीची पदवी घेऊन आठ महिने झाले. कॉलेजात दर आठवड्याला विषय मिळायचा. आता कॅमेरा हातात घेतला की काय काढावं तेच सुचत नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेते, पैसे सुटतात, पण ते फोटो माझे वाटत नाहीत.

परवा जुनी हार्ड डिस्क चाळताना आजीच्या हातांचे चाळीसेक फोटो सापडले. सुई ओवताना, गोळ्या मोजताना. ठरवून एकही काढला नव्हता! यातून फोटोंची मालिका उभी राहील, की हा नुसता माझा जिव्हाळा? वर्षभर फक्त ५० मिमी लेन्स (झूम न होणारी, साधारण डोळ्यांना दिसतं तसं टिपणारी) लावून हेच करावं म्हणते. आणि चाळीसातून पंधरा निवडायचे तर तुम्ही स्वतः निवडता, की दुसऱ्या कुणाला निवडायला देता? माझा तर एकही टाकायला हात धजत नाही.