इंग्रजी क्रियापद मुळापासून शिकवावं की वाक्यातून?

इंग्रजीची बाई (मराठी माध्यम, नववी-दहावी):
क्रियापदांच्या याद्या घोकून घेणं बंद करा, मूळ शिकवा. लॅटिन ‘फेरे’ म्हणजे वाहून नेणे. पलीकडे नेलं की ‘ट्रान्स्फर’, मागे नेलं की ‘रेफर’, पुढे ठेवलं की ‘प्रेफर’. आपल्या मुलांना ही रीत नवी नाही. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हा श्लोक संस्कृतच्या वर्गात येतोच: धातू एकच ‘हृ’, उपसर्गागणिक अर्थ वेगळा. शिवाय ‘फेरे’ आपल्या ‘भृ’चा सख्खा भाऊ. भार, भरण त्यातलेच आणि इंग्रजी ‘बेअर’ही.

वाक्यवादी:
बाई, तोच श्लोक पुन्हा वाचा. उपसर्ग धातूचा अर्थ ‘बलात्’, म्हणजे बळजबरीने, दुसरीकडे नेतो असं त्यात म्हटलंय. ‘हृ’ म्हणजे नेणे एवढ्यावरून ‘विहार’चा अर्थ कोणाला लागेल? तुमचा श्लोक माझ्याच बाजूने बोलतोय! इंग्रजीत तर दुसऱ्या अक्षरावर जोर असलेला ‘डिफर’ दोन अर्थांचा: पुढे ढकलणे आणि दुसऱ्याच्या मताला मान देणे. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण लॅटिनमधले उपसर्ग वेगवेगळे, ‘डिस’ आणि ‘डे’. हे मुलांनी ओळखायचं कसं?

इंग्रजीची बाई:
ओळखायला नाही, लक्षात ठेवायला मूळ हवं. अर्थ मी सांगतेच. पण ‘सफर’ म्हणजे सोसणे, खालून भार पेलणे, हे एकदा कळलं की परत सांगावं लागत नाही. नुसती यादी परीक्षा संपली की पुसली जाते.

रात्रशाळेतला मास्तर:
माझे विद्यार्थी दिवसा काम करतात. अर्थ त्यांना येतो, अडतात ते वापरात. ‘आय प्रेफर टी दॅन कॉफी’ हे वाक्य दर वर्षी ऐकतो. मराठीतलं ‘पेक्षा’ डोक्यात असतं, म्हणून ‘टू’च्या जागी ‘दॅन’ येतं. आणि बोलताना ‘डिफर’ म्हणतंय कोण? ‘पुट ऑफ’ म्हणतात. त्यात लॅटिन कुठून आणणार?

इंग्रजीची बाई:
‘पुट ऑफ’ वाक्यातूनच शिकवावं लागतं, मान्य. ‘टू’चं मात्र मूळच सांगतं. एक वस्तू दुसरीच्या पुढे ठेवली, म्हणजे तुलना शब्दाच्या पोटातच झाली. मग ‘दॅन’ला जागा उरत नाही.

वाक्यवादी:
हे पटलं, पण पाच वाक्यं कानावर पडल्यानंतर सांगा. आधी मूळ सांगितलंत तर मुलं लॅटिन पाठ करतील आणि वाक्य तसंच चुकवतील.