मदत हवी आहे: शाळेसमोरच्या वळणासाठी निवेदनात नक्की काय मागायचं? (सांगली)

झेरॉक्सवाली

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त पाककृती वाचायला येते, हा माझा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे, समोर शाळा. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. कुणाला जागा ओळखू आली तर कृपा करून तुम्हीही देऊ नका. मोठ्या रस्त्यावरून आमच्या आतल्या रस्त्याला येणारं वळण इतकं ऐसपैस आहे की गाडीवाल्याला ब्रेकवर पाय ठेवायची वेळच येत नाही. बाहेर ज्या वेगात असतो त्याच वेगात आत घुसतो, आणि वळल्यावर वीसेक पावलांवर शाळेचं फाटक.

गेल्या महिन्यात नातवाला न्यायला आलेल्या एका आजोबांना मोटारसायकलनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला ऑपरेशन झालं, वाचले. गाडीवरचा पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल, तोही रस्त्यातच बसून रडत होता. पाणी दोघांनाही मीच दिलं. तेव्हापासून शाळा सुटायची वेळ झाली की माझं हातातल्या कामात लक्ष लागत नाही, दोनदा गिऱ्हाइकांना उलटी पानं काढून दिली.

पालकांनी मिळून निवेदन द्यायचं ठरवलंय आणि टायपिंग येतं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलंय. सध्या त्यात एकच ओळ आहे: "शाळेसमोर गतिरोधक बसवावा व पोलीस कर्मचारी नेमावा." पण हे सगळं आधी होऊन गेलंय हो. तीन वर्षांपूर्वी रबरी गतिरोधक बसवला होता. पहिल्या पावसाळ्यात मधले दोन तुकडे निघाले, त्या फटीतून दुचाक्या सुळकन जायच्या. दुसऱ्या पावसाळ्यात नुसते खिळे उरले. पोलीस आठवडाभर होते.

तर गतिरोधक नाही तर मग काय मागू? आणि कुणाकडे? दोन कार्यालयांत जाऊन आले, दोन्हीकडे "हा रस्ता आमच्याकडे येत नाही" असंच ऐकलं. पुढच्या सोमवारपर्यंत कागद तयार हवाय.

सरळमार्गी

ताई, राग मानू नका, पण काहीही बसवा, आपल्या लोकांना शिस्त नाही. लायसन देताना नीट परीक्षा घेत नाहीत, हे खरं मूळ. दोन-चार जणांना दणकून दंड झाला की बाकीचे आपोआप सरळ येतात.

ओव्हरसियर

तीस वर्षं रस्त्यांच्या कामावर काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, निवेदनातून 'गतिरोधक' हा शब्द काढा. तो लिहिला की तेवढीच वस्तू मिळते, आणि तीही उरलेल्या डांबराची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) मापानं गोल पाठीचा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि गाडीच्या दिशेत ३.७ मीटर रुंद हवा. ताशी २५ किलोमीटरनं जाणारी गाडी त्यावरून सावकाश उचलली जाऊन खाली येते. आपल्याकडे रुंदीचे होतात दीड-दोन फूट आणि उंची मुकादमाच्या अंदाजानं. वर पांढरे पट्टे नाहीत, अलीकडे फलक नाही. रात्री मागे बसलेली बाई त्यावरच पडते. असे मी स्वतः करून घेतलेत, आता कबूल करायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, तुमचा रोग तुम्हीच लिहिलाय: ऐसपैस वळण. कोपरा जितका गोल, तितका वळायचा वेग जास्त. तो आखडून घेतला की हँडल किंवा स्टिअरिंग जास्त फिरवावं लागतं, आणि ब्रेक न मारता ते फिरत नाही. तिथे पोलीस असो नसो, दंड असो नसो. आखडलेल्या कोपऱ्यात फूटपाथ बाहेर येतो आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं. तुमचा रस्ता किती रुंद आहे?

झेरॉक्सवाली

पावलांनी मोजून आले. साधारण १२ मीटर भरतो, गटारापासून गटारापर्यंत. फूटपाथ नावालाच आहे, त्यावर दोन टपऱ्या आणि माझाच बोर्ड. (बोर्ड काढते.)

ओव्हरसियर

मग हिशोब करा. म्हातारा माणूस सेकंदाला एक मीटर चालतो म्हणा. १२ मीटर म्हणजे १२ सेकंद तो गाड्यांसमोर असतो. दोन्ही बाजूंनी फूटपाथ दोन-दोन मीटर पुढे आणला की राहिले ८. फाटकासमोर पुढे आलेल्या फूटपाथवर कुणी गाडीही लावू शकत नाही, त्यामुळे पोरगं उभ्या गाडीच्या आडून अचानक रस्त्यावर येत नाही.

तिसरं, क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला आणायचं. आमच्यात त्याला टेबल टॉप म्हणतात. वरचा भाग सपाट, दोन्हीकडे उतार, वर झेब्रा पट्टे. गतिरोधकाचं काम तेच करतं. मात्र एक गोष्ट लिहायला विसरू नका: दोन्ही कडांना गटाराच्या पाण्याला वाट, वर जाळी. नाहीतर पहिल्याच पावसात पाणी अडून तुमच्या दुकानात येईल, आणि टेबल टॉप उखडायची मागणी तुम्हीच कराल.

फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. हे आयआरसी १०३ क्रमांकाच्या मानकात आहे. वेग कमी करण्याच्या उपायांसाठी आयआरसी ९९, २०१८ ची आवृत्ती. मानकांचे हे दोन क्रमांक निवेदनात घाला. समोरचा इंजिनिअर खुर्चीत जरा सरळ बसतो.

गोड_ट्रॉली

आमचा ऊस वाहतुकीचा धंदा हाय. कोपरा आखडा म्हणताय ते ठीक, पन दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळवून दाखवा मग तिथं. मागची ट्रॉली कोपरा कापते, फूटपाथवर चढती. हंगामात हायवेवरच्या सिग्नलचा घोळ चुकवायला रात्री काही जन असल्या आतल्या रस्त्यानं घालत्यात, खोटं कशाला बोलू. मग चाक चढलं की तुमचे दगड बी गेले आन आमची ट्रॉली बी आडवी.

सरळमार्गी

हेच म्हणतो मी! परदेशातलं इथे आणून चालत नाही.

ओव्हरसियर

ट्रॉलीवाल्यांचा मुद्दा रास्त आहे, तो आधी सोडवला नाही तर काम महिनाभरात उखडेल. उपाय असा: कोपऱ्याचा बाहेरचा भाग चार-पाच सेंटीमीटरच उंच ठेवायचा, खडबडीत दगडाचा. मोटारसायकल आणि कार तो टाळून आखडून वळतात, मोठ्या गाडीचं मागचं चाक हळू त्यावरून जातं. माणसांनी उभं राहायचा खरा फूटपाथ त्याच्या आत, पूर्ण उंचीचा, कडेला बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब. शाळेची बस वळते का हे कागदावर तपासून घ्यावंच लागेल. ट्रॅक्टर त्या रस्त्यानं जावा का, हा वेगळा प्रश्न.

गोड_ट्रॉली

न जावा. मी बी न्हाई जात तिकडनं, माझी पोरगी तिकडंच शिकती.

फ्योर्डकाठचा_मिरजकर

परदेशाचा विषय निघालाच आहे तर, मी सध्या नॉर्वेतल्या ऑस्लोत राहतो. २०१९ मध्ये या शहरात रस्त्यावर एकही पादचारी किंवा सायकलस्वार मेला नाही. वर्षभरात मेला एक, तो कारचालक. फिनलंडच्या हेलसिंकीत २०२५ च्या जुलैपर्यंतच्या बारा महिन्यांत कुणीच नाही. दोन्ही शहरं सात लाखांच्या आसपासची, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा फार मोठी नाहीत.

इथले लोक जन्मतः शिस्तीचे आहेत असं वाटत असेल तर शुक्रवारी रात्री येऊन बघा. १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेनं ठरवलं की माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मरण नको, आणि रस्ता बांधणाऱ्यावरही जबाबदारी टाकली. ऑस्लोनं मध्यवस्तीतली पार्किंग काढली, वेग उतरवले, शाळांच्या आसपास गाड्यांना मज्जाव केला. हेलसिंकीत बहुतेक वस्त्यांमध्ये ताशी ३० ची मर्यादा आहे.

३० च का? ब्रेकचा हिशोब करून बघा. ताशी ५० नं जाताना समोर मूल दिसलं तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १४ मीटर जाते, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण १४. एकूण २८. ताशी ३० ला हेच ८ आणि ५, म्हणजे १३. मूल १५ मीटरवर असेल तर एक गाडी अलीकडे थांबलेली असते आणि दुसरीचा ब्रेक नुकता लागलेला असतो.

सरळमार्गी

ठीक आहे, १३ आणि २८ चा हिशोब पटला. तरी दंड हवाच.

कोर्टाची_पायरी

दंड आता रस्ता करणाऱ्यालाही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. निवेदनात हे धमकीसारखं लिहू नका, शेवटी एका वाक्यात नुसता उल्लेख करा. वाचणाऱ्याला कळतं.

रस्ता कुणाचा ते माहितीच्या अधिकारात विचारा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, अर्ज १५० शब्दांच्या आत, विषय एकच, उत्तराला ३० दिवस. "रस्ता कोणाच्या ताब्यात आहे" एवढंच न विचारता "शेवटचं डांबरीकरण कोणत्या कार्यादेशानं झालं, त्याची प्रत द्यावी" असं विचारा. पैसे ज्यानं दिले तो मालक. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे, त्यामुळे तुम्ही हेलपाटे घालू नका.

तोवर निवेदन जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं द्या, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच असतात. प्रत वाहतूक शाखेला.

झेरॉक्सवाली

हे माहीतच नव्हतं. एक शंका. अपघात 'काळ्या ठिपक्यात' बसत नाही म्हणून काही होणार नाही, असं एक पालक म्हणाले. ते काय असतं?

ओव्हरसियर

ब्लॅक स्पॉट. राष्ट्रीय महामार्गासाठीची व्याख्या आहे: ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. तुमच्या आतल्या रस्त्याला ती लावायचं कारण नाही. आणि शाळेसमोर पाच मोजेपर्यंत थांबायचं म्हणजे... असो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी. महामार्गाचे ठिपके पुसून ही सगळी वाचणार नाहीत.

त्यापेक्षा वेग मोजून जोडा. ५० मीटर अंतर टेपनं मोजा, दोन्ही टोकांना विटेनं खूण करा, मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या. ६ सेकंद म्हणजे ताशी ३०, चार म्हणजे ४५. त्याहून कमी असेल तर मला सांगूही नका. मोजणारा गाडीवाल्याला दिसायला नको, दिसला की गाडी हळू होते.

झेरॉक्सवाली

मोजलं. पायरीवर बसून, भाच्याला घेऊन. शाळा सुटायच्या अर्ध्या तासात निम्म्याहून जास्त गाड्या सहा सेकंदांच्या आत गेल्या. सगळ्यात जोरात कोण असेल? मुलाला न्यायला उशीर झालेले पालक! त्यातले दोघे निवेदनावर सही करणारे आहेत. सांगू की नको?

गोड_ट्रॉली

सही झाल्यावर सांगा.

पुणेरी_पादचारी

पुण्याहून थोडं. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ झाले तेव्हा व्यापारी ओरडले होते की गिऱ्हाईक जाणार. आता तिथे संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. पण बोलार्डमधलं अंतर नीट ठेवायला सांगा, नाहीतर दुचाक्या फूटपाथवर चढतात आणि आजोबांना तिथेच उडवतात. अंतर व्हीलचेअर जाईल इतकं हवंच. त्यातून स्कूटर जाते हेही खरं, या बाबतीत मी हरलोय.

अवांतर: मुंबईत मालाडच्या मिठचौकीला पक्कं काम करण्याआधी रंग आणि कोन लावून चौक आखून बघितला होता. तुम्हालाही तसं करता येईल.

ओव्हरसियर

अगदी बरोबर, हे निवेदनात पहिल्या क्रमांकावर घाला. पक्कं काम म्हणजे अंदाजपत्रक, निधी, टेंडर, वर्ष गेलं. पण क्रिकेटच्या मैदानावर टाकतात ती पांढरी फक्की, वाळूची पोती आणि रंगवलेल्या कुंड्या एवढ्यात कोपरा तात्पुरता आखडता येतो. वाहतूक शाखेची लेखी परवानगी मात्र आधी घ्या. स्वतःच्या मनानं पोती टाकाल आणि रात्री कुणी त्यावर आदळला तर गुन्हा तुमच्यावर. पोत्यांना रिफ्लेक्टरची पट्टी लावा. आठवडाभर ठेवा, पुन्हा तीच ५० मीटर मोजा. बस वळते का तेही दिसेल, ट्रॉली वळते का तेही.

गोड_ट्रॉली

ट्रायलला रिकामा ट्रॅक्टर मी आणतो. दोन ट्रॉल्या जोडून. रविवारी सांगा.

झेरॉक्सवाली

मंडळी, काल दिलं. शेवटचा मजकूर असा ठेवला:

"शाळेलगतच्या वळणाचा कोपरा आयआरसी ९९ (२०१८) नुसार आखडून घ्यावा, फाटकासमोर फूटपाथच्या पातळीचे क्रॉसिंग पाण्याच्या निचऱ्यासह करावे, क्रॉसिंगजवळ वाहने उभी करण्यास मनाई करावी, आणि तत्पूर्वी आठ दिवसांच्या तात्पुरत्या चाचणीस परवानगी द्यावी. चाचणीचे साहित्य पालक स्वखर्चाने देतील. वेगाच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत."

भाच्यानं काढलेला नकाशाही जोडला. साहेबांनी निवेदन बाजूला ठेवलं आणि नकाशाच बराच वेळ बघत बसले. विचारलं, "मोठी गाडी वळेल का इथे?" मी म्हटलं, ट्रॅक्टर तयार आहे, दोन ट्रॉल्यांसकट. हसले. होय म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत, वाहतूक शाखेचा अभिप्राय मागवतो म्हणाले.

कोर्टाची_पायरी

पोच घेतली का? तारीख-शिक्क्यासह?

झेरॉक्सवाली

घेतली. पाच प्रती काढून ठेवल्यात, धंदाच तो आहे. माहिती अधिकाराचा अर्ज उद्या टाकते, १४३ शब्द झालेत.