लेकराला कोण, कसं सांभाळतं: विदर्भातल्या गावांतले अनुभव

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा झाल्यानं हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या लेकरांच्या घराला गाव हात देतं. आभार मानताना तो हात नेमका कुठं लागतो तेही सांगा, म्हणजे दुसऱ्या गावाला उचलता येईल, एवढंच मागणं होतं. आलेलं लिहिणं खाली आहे.

आई, आर्णी तालुका
कापूस वेचणीच्या दिवसांत मी सकाळीच वावरात जाते, दुपारचा घास शेजारच्या काकू भरवतात. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. लेकराला बाजेवर आडवं ठेवून कधीच भरवायचं नाही. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. मान मागं गेली की पाणी श्वासनलिकेत उतरतं. चमचा उथळ घ्यायचा, अर्धाच भरायचा, खालच्या ओठावर टेकवून थांबायचं. ओठ मिटले की सरळ बाहेर काढायचा. घशात ओतायचं नाही. भाकर वरणात कुस्करून घट्टसर करायची, कारण पातळ पाण्यानंच जास्त ठसका लागतो. खाऊन झालं की अर्धा तास बसतंच ठेवायचं. ठसका नसला तरी जेवताना आवाज ओला, घरघरता झाला तर थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. काकूंनी हे सगळं शिकून घेतलं, दोन्ही सुनांनाही शिकवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

सुतार, देवळी तालुका
बसायची खुर्ची गावात बनते, फक्त मापं लेकराच्या अंगावर घ्यायची. बैठकीची खोली म्हणजे कुल्ल्याच्या मागच्या बाजूपासून गुडघ्याच्या खळगीपर्यंतचं अंतर, त्यातून दोन बोटं वजा. कंबर, गुडघे, घोटे तिन्ही काटकोनात. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, लोंबकळणारे पाय अंग आणखी ताठ करतात. पाय कैचीसारखे एकमेकांवर चढत असतील तर गुडघ्यांच्या मधे गादी लावलेला ठोकळा. पट्टा पोटावर नको, मांड्या जिथं कमरेला मिळतात तिथं.

मायबाप नेहमी म्हणतात, 'वाढत्या अंगाची बनवा.' इथंच घोटाळा होतो. मोठ्या खुर्चीत लेकरू घसरतं, पाठीला बाक येतो. त्यापेक्षा पायाची फळी आणि पाठ भोकं पाडून सरकती ठेवावी. थेरपिस्टकडून एकदा बसवून बघितल्याशिवाय शेवटचे स्क्रू आवळू नयेत. लाकूड देणाऱ्या शेतकऱ्यांचे आणि गाद्या शिवणाऱ्या बायांचे आभार. मजुरी कोणीच मागत नाही.

आशा सेविका, पवनी तालुका
फिटचा झटका आला की आता आमच्या गावात कोणी कांदा, चप्पल हुंगवत नाही, ही मोठी गोष्ट आहे. शेजारी कुशीवर वळवतात, डोक्याखाली घडी केलेलं लुगडं ठेवतात, घड्याळ बघतात. दातांत चमचा घालत नाहीत, हातपाय दाबून धरत नाहीत. ५ मिनिटांवर गेला किंवा लागोपाठ दुसरा आला तर १०८. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. झटक्याच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, एकदम सोडल्या की झटके उसळतात. म्हणून तालुक्याला जाणारा कोणीही आधी त्या घरी विचारतो, 'गोळ्या आणायच्या का?'

मे महिन्यात आणखी एक. ज्या लेकराला तहान सांगता येत नाही त्याची लघवी गडद दिसली की पाणी कमी पडतंय.

वडील, धारणी तालुका
ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. मागणी लेखी द्या, पोच घ्या, ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच असू द्या, एका अक्षरावरून अर्ज मागं येतो. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत, ६५ टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. ही कागदं गावातल्या शिकलेल्या पोरांनी, शेजाऱ्यांनी भरून दिली. त्यांना मनापासून धन्यवाद.

आजी, उमरेड तालुका
तान्ह्या पोळ्याला पोरं व्हीलचेअर घेऊन निघतात, लाकडी बैल तिच्याच हँडलला बांधलेला. श्रावणभादव्याच्या चिखलात पुढची छोटी चाकं रुततात. पोरांना आता माहीत आहे: जोर लावून पुढं ढकललं तर लेकरू तोंडावर पडतं. म्हणून खुर्ची उलटी फिरवायची, किंचित मागं कलंडवायची आणि मोठ्या चाकांवर मागं मागं ओढत न्यायची. पट्टा आधी, ओढणं नंतर.