मदत हवी आहे: शिवनेरीचं 'तोंड' कुठंय? सातवीच्या मुलांना काय सांगू?

कुकडीकाठ:
नमस्कार मंडळी. मी जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सातवीच्या मुलांना ज्वालामुखी काढायला सांगितला, तर सगळ्यांच्या वह्यांत एकच चित्र: त्रिकोणी डोंगर, माथ्यावर खड्डा, त्यातून लाल कारंजं. मग मी म्हटलं, आपला शिवनेरीसुद्धा ज्वालामुखीच्याच दगडाचा आहे. लगेच एका मुलीने विचारलं, "बाई, मग शिवनेरीचं तोंड कुठंय?"

"लाव्हा भेगांतून आला," एवढंच मला सांगता आलं. तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही नाही.

शाळेमागे रस्त्यासाठी डोंगर फोडलाय. तिथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये वीतभर जाडीचा, विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो. नखाने उकरला तरी भुगा पडतो. त्याखालच्या दगडाला भोकंच भोकं, काहींत पांढरे चमकणारे खडे. मुलं विचारतात, ही राख का? शिवाय आमच्याच तालुक्यात बोरीला नदीकाठी जी राख सापडते ती म्हणे सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची! इथला लाव्हा नुसता पसरला आणि तिथली राख समुद्र ओलांडून आली, असं का? शनिवारी मुलांना घेऊन बाहेर पडायचंय. कृपया मदत करा.

काळाफत्तर:
बाई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. शिवनेरीला तोंड नाही, कारण तो ज्वालामुखी नव्हेच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा येत राहिला आणि थरावर थर बसले. आज उरलेला भागही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, आणि सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी २ किलोमीटरच्या आसपास भरते. लाव्हाने घातलं ते पठार. ते कापून डोंगर कोरले पावसाने आणि नद्यांनी. मुलांना दरीच्या अलीकडचे आणि पलीकडचे कडे दाखवा. दोन्हीकडच्या थरांच्या पायऱ्या बऱ्याचदा एकाच पातळीत येतात. मधला डोंगर वाहून गेलाय, हे त्यांना आपोआप कळेल.

भेगा बघायच्या तर धुळे-नंदुरबारकडे. तिथे भेगांतच थिजलेला दगड लांबलचक भिंतींसारखा उभा आहे. माणसाने पाहिलेलं उदाहरण हवं असेल तर आइसलँडमधलं लाकी सांगा: १७८३ साली सुमारे २७ किलोमीटरची भेग आठ महिने लाव्हा ओकत होती.

लाल पट्टा बहुधा जुनी माती असावी. एक थर थंड झाला, झिजला, त्याची माती झाली आणि पुढचा लाव्हा वर आल्यावर ती भाजली. काही ठिकाणी अशा पट्ट्यात राखही असते, त्यामुळे नुसतं बघून छातीठोक सांगू नका. भोकं वायूच्या बुडबुड्यांची. पांढरे खडे बहुतेक झिओलाइट नावाची खनिजं, ती पाण्यातून नंतर साठली.

तोबाचा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला दगड, सिलिकाने (वाळूत असतो त्याच घटकाने) घट्ट. वायू आत कोंडला आणि सगळंच फुटलं. ७४ हजार वर्षांपूर्वीच्या त्या उद्रेकात जमीन खचली, तिथे आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. बोरीची राख मात्र नेमकी किती जुनी, यावर अभ्यासकांत वाद आहे.

चूलबोळकी:
प्रयोग घरचाच आहे. एका पातेल्यात पाणी उकळा, दुसऱ्यात घट्ट पिठलं रटरटू द्या. पाण्यातली वाफ सहज सुटते. पिठल्यात ती अडकते, फटकन फुटते आणि शिंतोडे हातावर उडतात. मुलांना दोन हात लांब उभं करा.

कुकडीकाठ:
पिठल्याचं एकदम पटलं, उद्याच करते. काळाफत्तर, दरीपलीकडच्या पायऱ्या मी रोज बघते, पण जुळवून कधी पाहिल्या नव्हत्या. आता एकच विचारते: बोरीला मुलांना राख उकरून हातात देता येईल का?

काळाफत्तर:
उकरू नका. त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली आहेत. थर हलला की कोणती वस्तू राखेच्या खाली होती आणि कोणती वर, हा पुरावाच जातो. पाण्याने आपसूक सुटून पडलेली चिमूटभर राख कागदावर घ्या आणि भिंगातून दाखवा. काचेसारखे बारीक, धारदार कण दिसतील. बोटांनी चोळू देऊ नका, फुंकरही नको, डोळ्यांत जाईल.